सुतार अडतो, चंद्र बसत नाही

सकाळी ऑफिसात पोचलं की चहा येण्याआधी मी एक पान उघडून बघते. कुणी जवळपास असेल तर उघडत नाही. पान म्हणजे वेबसाइटचं पान, आणि बघायचा असतो तो फक्त एक आकडा: काल इथे किती जण येऊन गेले. तो आकडा रोज शून्य असतो. मी शून्य बघते, खिडकी बंद करते आणि दिवसाच्या कामाला लागते. माणसं सकाळी उठून आरशात बघतात तसंच हे, काही नवीन दिसेल म्हणून कुणी बघत नाही. पण आज तिथे एक होता. मला आधी वाटलं, माझाच असणार. मग आठवलं की माझा फोन आणि ऑफिसातलं यंत्र मी मोजणीतून कधीच वगळलं आहे, स्वतःच्या दारावर स्वतःच टकटक करून खूश होणाऱ्यातली मी नाही. शेजारच्या टेबलावरची मुलगी गाद्यांच्या दुकानाबद्दल काहीतरी विचारत होती, मऊ गादी आणि कंबरदुखीची गादी यातलं जास्त लोक काय शोधतात म्हणून. मी तिला कंबरदुखी असं उत्तर दिलं, बरोबर दिलं, पण डोळे त्या आकड्यावरून हलवले नाहीत. भेट काल दुपारची होती. माणूस फोनवरून आला होता आणि बराच वेळ थांबला होता. शहराच्या रकान्यात आमच्याच शहराचं नाव होतं.

माझा धंदा शब्द निवडण्याचा आहे. कुणी विचारलं की मी असंच सांगते, आणि लोक मला कवी वगैरे समजतात, मग गैरसमज दूर करावा लागतो. दातांचे डॉक्टर, लिफ्ट दुरुस्त करणारे, सामान हलवून देणारे, गाद्यावाले, यांच्या वेबसाइटवर कोणते शब्द असले म्हणजे सर्च करणाऱ्या माणसाला त्या आधी दिसतील, ते आम्ही ठरवतो. या शब्दांना कीवर्ड म्हणतात. आमच्या साहेबांना सगळे मास्तर म्हणतात, कारण ते कुठलीही गोष्ट शिकवल्याशिवाय सांगतच नाहीत. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी मला दातांच्या डॉक्टरचं पान दिलं आणि शब्द काढायला सांगितले. मी ‘दंतचिकित्सा’ असं लिहिलं. मास्तर हसले नाहीत, त्यांनी फक्त गाल धरला आणि विचारलं, आता मला ठणका लागलाय, मी काय टाइप करणार? दंतचिकित्सा? मी दाढ ठणकतेय असं टाइप करणार. दुकानदार मालाला काय म्हणतो ते सोड, ज्याला गरज आहे तो काय म्हणतो ते ऐक. एवढीच त्यांची सगळी विद्या, आणि ती खरी आहे. तेव्हापासून मी दिवसभर अनोळखी माणसांच्या मनात शिरून बसते. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस, घर बदलावं लागलेली बाई, रात्रभर कूस बदलणारा म्हातारा. ही माणसं काय बोलतील ते मला बहुतेक वेळा आधीच ऐकू येतं. या कलेचा घरी काडीचाही उपयोग झाला नाही, पण पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तेव्हा त्याचं दुःख करत बसण्यात अर्थ नाही.

ते पान गिऱ्हाइकाचं नव्हतं, माझं होतं, आणि एकाच माणसासाठी होतं. माझ्या दादासाठी. दादा घरातून गेला तेव्हा मी कॉलेजात होते. गेला म्हणजे निघून गेला, वारला नाही. निदान तसं कुणी कळवलेलं नाही. आईने त्यानंतर त्याचं नाव कधी घेतलं नाही, ती ‘तो’ म्हणते, आणि आमच्या घरात ‘तो’ म्हणजे एकच माणूस. बाबा असतानाही तसंच होतं. बाबांविषयी बोलायचं तर ती ‘हे’ म्हणायची. दादाला लहानपणापासून वस्तू उघडून बघायची खोड होती. आईचं पायमशीन हे त्याचं पहिलं खेळणं. ती शिवत असली की तो खाली पायडलपाशी बसून वर बघायचा आणि दिसेल त्या भागाचं बारसं करायचा. सुई घेऊन वरखाली जाणारा दांडा टकटक करतो म्हणून तो सुतार. दोऱ्याची गुंडाळी फिरते ती भिंगरी. सुईखाली झाकणाच्या आत एक लोखंडी कोर असते, अर्धी वाकलेली, तो चंद्र. मी त्याच्यामागून शेपटासारखी फिरत असल्यामुळे माझ्या तोंडीही तेच, आणि आईही पुढे पुढे बॉबिन म्हणेनाशी झाली. बाबा तेवढे शेवटपर्यंत मशीनला मशीन म्हणत राहिले. ते नकाशे काढायच्या कचेरीत होते, त्यांना प्रत्येक गोष्टीचं ठरलेलं नाव लागे. मोठा झाल्यावर दादाने त्या मशीनला मोटर बसवायचं मनावर घेतलं, आईचे पाय दुखतात म्हणून. सगळं मशीन खोलून त्याने वर्तमानपत्रावर मांडून ठेवलं आणि मोटर काही बसेना. आईची शिवायची कामं अडून राहिली, लोक दारात येऊन विचारू लागले. एका संध्याकाळी बाबा बूटही न काढता त्या वर्तमानपत्रापुढे उभे राहिले आणि म्हणाले, आयुष्यात एक गोष्ट पुरी करून दाखव, तोवर मला तोंड दाखवू नकोस. रागात बाप बोलतात तसं बोलले. घरोघरी मुलं हे ऐकतात, दोन दिवस फुगून बसतात आणि तिसऱ्या दिवशी जेवायला येतात. दादाने ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी तो नव्हता. मशीन तसंच सुटं पडलेलं होतं, ते आई आणि मी मिळून जोडलं, हा सुतार, ही भिंगरी, असं म्हणत म्हणत, रडत रडत.

शोधायचं म्हणून आम्ही काय करायचं बाकी ठेवलं? पोलिसांत फोटो दिला, वर्तमानपत्रात जाहिरात दिली. रंग सावळा, बांधा मध्यम, डाव्या भुवईवर व्रण. स्टेशनांवर कागद चिकटवले. पुढे फोन आले, सगळं जग फोनवर गेलं, तेव्हा मी त्याचं नाव सगळीकडे टाकून बघितलं. त्या नावाची माणसं जगात कमी नाहीत, त्यातला एक पोहण्यात बक्षिसं मिळवतो आणि एक टकलावर औषध विकतो. बाबा गेले तेव्हा मी पुन्हा एकदा शोधलं, त्याला कळवायला हवं म्हणून. मग मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी, लिफ्टवाल्याचे शब्द काढत असताना, मास्तरांचा तो गाल धरलेला हात माझ्या डोळ्यांपुढे आला आणि मी हातातलं काम थांबवून बसले. आम्ही इतकी वर्षं दुकानदाराचे शब्द वापरत होतो. रंग सावळा म्हणून त्याला आम्ही शोधत होतो, पण तो जर कुठे असेल, आणि त्यालाही कधी काही शोधावंसं वाटत असेल, तर तो काय टाइप करेल? स्वतःचं नाव नक्की नाही. घराचा पत्ता नाही, तो त्याला पाठ आहे, आणि नको आहे. पण माणूस एकटा असताना फोनशी काहीही बोलतो. शाळेतल्या बाईंचं नाव टाकून बघतो, एखादं अर्धवट गाणं टाकून बघतो. कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी खोलीत, शेजारून शिवणाच्या मशीनचा आवाज येत असताना दादाने सहज, गंमत म्हणून, ‘सुतार अडला’ असं टाकून बघितलं तर? जगात हे शब्द अजून आहेत का, एवढंच बघायला. तर त्याला काहीतरी दिसलं पाहिजे, असं मला वाटलं.

म्हणून मी ते पान केलं. वरवर बघणाऱ्याला ते दुरुस्तीचं पान वाटेल. सुतार अडतो, भिंगरी फिरत नाही, चंद्र बसत नाही तेव्हा काय करावं. दोन खिट्ट्या बाजूला करा, कडं काढा, चंद्र हलक्या हाताने बाहेर घ्या. त्याच्या पाठीमागे दोऱ्याचे तुकडे अडकलेले असतात, ते चिमट्याने काढा. तेलाचा एकच थेंब टाका, जास्त नको, नाहीतर कापडावर डाग पडतात आणि घरात बोलणी बसतात. चंद्र परत ठेवताना चाक आपल्याकडे हळूहळू फिरवत राहा, तो आपण होऊन जागा घेतो, दांडगाई करू नका. हे सगळं मी दादाच्या हातांकडे बघून शिकले होते आणि लिहिताना त्याच्यासारखंच लिहिलं गेलं. माझं नाव टाकलं नाही, त्याचंही नाही. ‘परत ये’ असं तर मुळीच नाही, ते वाचून पाखरू भुर्रकन उडून जाईल. खाली नुसती एक चौकट ठेवली, कुणाला काही लिहायचं असेल तर लिहा म्हणून. धंद्याच्या भाषेत बोलायचं तर हे अगदी अडाणी काम होतं. महिन्याला एकही माणूस जे शब्द शोधत नाही ते निवडायचे नसतात, हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात. ते शब्द टाकले की माझंच पान सगळ्यात वर यायचं, दुसरं कुणी नव्हतंच ना. ओसाड गावी एरंड बळी. इतक्या विरळ शब्दांची नोंद मोजणीच्या साधनातही दिसत नाही, पण त्या पानाकडे जायला दुसरी वाटच मी ठेवली नव्हती. जो येईल तो त्या शब्दांनीच येईल. आणि काल दुपारी कुणीतरी आलं होतं.

त्या दिवशी मी काय काम केलं ते सांगता येणार नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता खाली उतरले आणि रस्त्याने चालत सुटले. फोनच्या दुकानापाशी घोळका उभा होता, त्यातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येक माणसाची डावी भुवई मी बघितली. एकाला वाटलं, मी पत्ता विचारतेय. तो आपण होऊन थांबला आणि काय हवंय म्हणाला. मी काही नाही म्हणून पुढे गेले. तो या शहरात आहे. कदाचित नेहमीच होता. याच सिग्नलला उभा राहत असेल, आमच्या ऑफिसखालच्या दुकानात टायर बदलून घेत असेल. मला राग आला, इतक्या जवळ राहून आला नाही म्हणून, आणि रागाच्या पाठोपाठ इतका आनंद झाला की एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून मी रडले. आईला कसं सांगायचं याची मी वाक्यं जुळवू लागले. एकदम सांगायचं नाही, तिला रक्तदाब आहे. आधी बसवायचं, पाणी द्यायचं. तिच्यापासून इतकी वर्षं काही लपवलं नव्हतं असं नाही, पान केलं हे तर लपवलंच होतं. आशा लावायची आणि पुढे काही नाही, हे तिच्या बाबतीत पुष्कळदा झालंय. पण आता हातात काहीतरी होतं. मी परत ऑफिसात गेले तेव्हा मास्तर म्हणाले की आज तुझा चेहरा वेगळा दिसतोय. मी ऊन लागलं असेल म्हणाले.

संध्याकाळी जिना चढतानाच मशीनचा आवाज आला. गेले काही दिवस ते अडलेलं होतं. आई आता शिवायची कामं घेत नाही, पण उशांचे अभ्रे, कुणाच्या बाळाची दुपटी असं काहीतरी तिचं चालू असतं, आणि मशीन बंद पडलं की ती घरातल्या घरात हरवल्यासारखी फिरते. दुरुस्तीवाला दुकान बंद करून मुलाकडे गेला होता. दुसरा बघते, बघते, असं मी रोज म्हणत होते. दार उघडं होतं. आई चष्मा लावून मशीनवर वाकली होती आणि सुतार धडाधड चालला होता. कुणी दुरुस्त केलं म्हणून मी विचारलं, तर ती हसली. आई हसली की आधी लपवते, ओठ आत घेते. चप्पल काढ, हात धू, मग सांगते, असं तिने मला सांगितलं. मग मलाच तिने बसवलं. पाण्याचा पेला आणून दिला. ती माझ्यासमोर बसली, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि म्हणाली, “घाबरू नकोस. तो आहे.”

मला वाटलं, माझं मनातलं तिने ऐकलं. मग तिने फोन पुढे केला. शेजारच्या काकूंनी तिला फोनमध्ये बोलून शोधायला शिकवलं होतं, पाऊस पडणार का, दूध फाटलं तर काय करावं, असं त्या दोघी दुपारी विचारत बसतात. काल एकटी असताना तिने मशीनसमोर बसून फोनचं ते माइकचं चिन्ह दाबलं आणि घरात बोलते तशी बोलली, की सुतार अडलाय, चंद्र काही बसत नाही. आणि हे आलं. आज त्यात सांगितलं तसं करून मशीन चालू झालं, तेव्हा तिची खात्री पटली. तिच्या फोनवर माझं पान उघडलेलं होतं. अक्षरं तिने मोठी करून घेतली होती. “वाच,” ती म्हणाली. “दुसरं कोण लिहील हे? बोलणीसुद्धा लिहिली आहेत त्याने. डाग पडतात आणि घरात बोलणी बसतात. बघ, वाच.” मी वाचलं. मी लिहिलेलं एकेक अक्षर मी वाचलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं माझ्या मनात आलं आणि मला स्वतःची किळस आली. जगात हे शब्द बोलणारी माणसं मोजताना मी दादाला धरलं होतं, स्वतःला धरलं होतं, आणि रोज सकाळी ज्या बाईच्या हातचा डबा नेते तिला विसरले होते. माझा आकडा, माझा एक, तो हिचा होता. दुपारी पायरीवर बसून ज्याच्यासाठी रडले तो कुठेच नव्हता, आणि त्याच क्षणी समोर आईच्या चेहऱ्यावर तो आलेला होता. माझ्यातून निघून तो तिच्यात गेला. मी पाणी प्यायले. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. तिने माझ्या डोळ्यांतलं पाणी बघितलं आणि मला जवळ घेतलं, आणि म्हणाली, रडू नकोस, आता रडायचं कशाला.

त्यानंतर माझ्या पानाच्या भेटी वाढायला लागल्या. सकाळी ऑफिसात बघावं तर कधी पाच, कधी नऊ, सगळ्या आमच्याच शहरातून, एकाच फोनवरून. गिऱ्हाइकाच्या पानाचा आलेख असा चढला असता तर मास्तरांनी सगळ्यांना चहा पाजला असता. ती पोथीसारखं ते पान वाचते, रोज तेच. संध्याकाळी मला एखादं वाक्य दाखवते. दांडगाई करू नका, हे बघ, किती शहाणा झालाय. आपण होऊन जागा घेतो म्हणतोय. एकदा ती म्हणाली, किती छान लिहितो गं, तुम्हा भावंडांत त्यालाच ती देणगी आहे, तुझ्या चिठ्ठ्या म्हणजे नुसता हिशोब. मला हसू आलं आणि ते हसू छातीत कुठेतरी जाऊन रुतलं. मत्सर वाटला, हे कशाला लपवू. जो नाही त्याच्या नावावर माझं चांगलं जमा होत होतं. मी औषधं आणते, दिवे बदलते, तिच्या पायांना तेल लावते, ते सगळं हवेसारखं, असतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आणि तरी ती इतकी सुखी दिसत होती. तिने पडदे धुतले. बाबांच्या फोटोवरची धूळ पुसताना ती त्यांच्याशी काहीतरी बोलली, ते मला ऐकू दिलं नाही. जेवताना ती एक घास जास्त खाऊ लागली. मी बघत राहिले, आणि प्रत्येक दिवशी सांगणं आदल्या दिवसापेक्षा कठीण झालं.

एकदा मी प्रयत्न केला. भाजी निवडता निवडता, मान वर न करता, म्हटलं की आई, फोनवर काय, कुणीही काहीही लिहितं, त्यावर किती भरवसा ठेवायचा. तिचे हात थांबले. “कुणीही म्हणजे कोण?” ती म्हणाली. “सुतार म्हणणारे जगात आपण तिघं. मी लिहिलेलं नाही.” एवढं बोलून ती पुन्हा भाजी निवडू लागली. मी वाट बघितली. तिघांतून एक गेला की दोन राहतात, आणि त्यातला दुसरा तिच्यासमोर बसला होता. पण तिची नजर माझ्यावर आलीच नाही. ती खिडकीबाहेर होती, तिथे समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीशिवाय काही नाही. मला तेव्हा म्हणता आलं असतं, मी आहे ना इथे, मी लिहिलं. मी देठं गोळा केली आणि टाकून आले. मग पान काढूनच टाकावं असं वाटायला लागलं. मास्तरांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं की पान काढलं तर शोधणाऱ्याला काय दिसतं. ते म्हणाले, काय दिसणार, पान सापडलं नाही असं दिसतं, थोड्या दिवसांनी तेही नाही. मी माझ्या जागेवर येऊन बसले. आई माइकचं चिन्ह दाबते आहे, सुतार अडला म्हणते आहे, आणि समोर येतंय, सापडलं नाही. पुन्हा दाबते आहे. हे मी बघू शकले नाही. सांगायचंच, माझ्या तोंडाने, घरात बसून, असं मी ठरवलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी सांगायचं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी तिच्या खोलीत गेले तर ती माझीच वाट बघत होती. मशीनवरचं कापड बाजूला केलेलं, फोन मधोमध ठेवलेला. पानाखाली एक चौकट आहे ती तिला सापडली होती. तिथे लिहिलं तर त्याला मिळतं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, ज्याने पान केलं त्याला मिळतं. मग लिही, मी सांगते तसं लिही, तुझ्या मनाचं घालू नकोस, असं ती म्हणाली. मी म्हटलं, आई, आधी मला एक बोलायचंय. तिने हात वर केला. आधी हे, मग तुझं. सकाळपासून पाठ करून ठेवलंय, विसरून जाईन. म्हणून मी तिचा फोन हातात घेतला. तिने डोळे मिटले आणि सांगायला लागली, आणि मी टाइप करू लागले. मशीन चालू झालं. चंद्रामागे दोरा होता, तू सांगितलंस तिथेच. माझे पाय आता बरे आहेत, मोटर लागत नाही. बाबा गेले. जाताना तुझ्यावर रागावलेले नव्हते. इथे माझं बोट थांबलं. बाबा शेवटच्या आठवड्यात कुणाशी काहीच बोलले नव्हते, हे आम्हा दोघींना माहीत होतं. आईने डोळे न उघडता म्हटलं, लिही तसंच. मी तसंच लिहिलं. येणं जमत नसेल तर नको येऊस, लिहीत जा. तेही जमत नसेल तर हे पान राहू दे, काढू नकोस.

मला वाटलं, संपलं. मशीनच्या चाकावर तिने हात ठेवला, नुसता ठेवला, आणि हळू आवाजात, मी खोलीत नसल्यासारखी, ती म्हणाली, “तुझ्या बहिणीची काळजी करू नकोस. ती माझ्याजवळ आहे. तू गेल्यावर मी राहिले ती तिच्यासाठी. तिला हे मी कधी सांगितलेलं नाही, सांगता येत नाही. तू मोठा आहेस, तुला सांगून ठेवते.”

मी ते टाइप केलं. प्रत्येक शब्द. अक्षरं दिसत नव्हती, बोटांना सवय होती म्हणून लागली. तुझ्या बहिणीची, असं लिहिताना मी चुकले, खोडलं, पुन्हा लिहिलं. झालं का, तिने विचारलं. मी झालं म्हटलं. मग पाठव. मी पाठवलं, आणि लगेच माझ्या खिशातला माझा फोन थरथरला. आईने डोळे उघडले. खोलीत दुसरा आवाज नव्हता, तिलाही ते ऐकू आलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मला तो बघवला नाही. “त्याचंच का?” ती म्हणाली. “इतक्यात?” मी फोन काढला. तुमच्या पानावर एक नवीन निरोप आला आहे, ठेवायचा की काढून टाकायचा, असं त्यावर होतं. खाली दोन चौकोन. माझं सांगायचं होतं ते अजून तोंडात होतं. तिने मला वचन दिलं होतं, आधी हे, मग तुझं. मी तिच्याकडे बघितलं. ती पुढे वाकली होती, चष्मा नाकावर घसरलेला, हात अजून चाकावर.

मी ‘ठेवा’ या चौकोनावर बोट दाबलं. “त्याचं नाही,” मी म्हणाले. “निरोप पोचला, एवढंच कळवलंय.”

“पोचला ना पण?”

“पोचला, आई.”

तिने मान हलवली. जरा वेळाने तिला आठवलं, तुला काहीतरी बोलायचं होतं ना, तिने विचारलं. मी म्हटलं, नंतर, एवढं काही नाही. मग बस इथेच, ती म्हणाली, त्याला लिहायला वेळ लागतो, आता दोघी वाट बघू. तिने फोन मशीनवर उभा करून ठेवला, दोघींना दिसेल असा, आणि मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले.